मिठाचा डबा, जिरावन आणि रक्तदाब: नव्या संशोधनातून आपल्या इंदुरी स्वयंपाकघरासाठी काय घ्यायचं?

रामबागकर

मीठ कमी खा, हे सगळ्यांना पाठ आहे. पण कमी म्हणजे किती, ते घरात मोजायचं कसं, आणि मीठच बदललं तर खरंच उपयोग होतो का? गेल्या पाच-सहा वर्षांत या प्रश्नांना ठोस उत्तरं मिळाली आहेत. ती एका जागी असावीत म्हणून हा धागा. ज्यांचा या विषयात हात आहे त्यांनी भर घालावी, चूक दिसली तर लगेच सांगावी.

सगळ्यात मोठी चाचणी चीनच्या खेड्यांमधली. ती २०२१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. ६०० गावं, २०,९९५ माणसं, सरासरी वय ६५. ज्यांना आधी पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता, किंवा वय ६० च्या वर असून रक्तदाब ताब्यात नव्हता, अशीच माणसं घेतली. निम्म्या गावांत लोक नेहमीचंच मीठ खात राहिले. उरलेल्या गावांना ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेलं, म्हणजे कमी सोडियमचं मीठ दिलं. औषध बदललं नाही, आहाराचा तक्ता दिला नाही, फक्त डब्यातलं मीठ बदललं. पावणेपाच वर्षांच्या पाठपुराव्यात दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे ३४ पक्षाघात होत होते, ते नव्या मिठाच्या गावांत २९ वर आले. मृत्यू हजारी ४५ वरून ३९ वर.

या चाचणीत वरचा रक्तदाब सरासरी फक्त ३.३ ने उतरला होता, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. घरच्या यंत्रावर तीनचा फरक कुणाला कळणारही नाही, कारण एकाच माणसाचा आकडा सकाळ-संध्याकाळ त्याहून जास्त हलतो. म्हणून 'महिनाभर नवीन मीठ खाल्लं, काही फरक नाही' असं म्हणून डबा पुन्हा बदलू नका. हा फायदा एका माणसाच्या यंत्रावर दिसत नाही, गावाच्या हिशोबात दिसतो.

आपल्याकडचं काय? आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७-१८ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणातून काढलेला अंदाज २०२३ साली आला: प्रौढ भारतीय दिवसाला सरासरी ८ ग्रॅम मीठ खातो, पुरुष ८.९ आणि बायका ७.१. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमच्या आतली, म्हणजे २००० मिलिग्रॅम सोडियमच्या आतली आहे. आणि आपल्याकडे बहुतेक मीठ पाकिटातून येत नाही, ते घरच्या फोडणीतून आणि कणकेतून येतं. पश्चिमेकडे उलटं आहे, तिथे पाव आणि तयार पदार्थ मुख्य. म्हणून डबा बदलण्याचा उपाय तिथल्यापेक्षा आपल्या घरांत जास्त लागू पडतो.

आता घरचा हिशोब. नवीन एक किलोचं पाकीट फोडाल त्या दिवशी त्याच्यावर तारीख लिहा. संपेल तेव्हा पुन्हा लिहा. १००० भागिले माणसं भागिले दिवस. पाच माणसं आणि २५ दिवस असतील तर माणशी रोज ८ ग्रॅम. तीन पथ्यं पाळा: गुळण्यांचं आणि भाज्या धुण्याचं मीठ वेगळ्या डबीतून घ्या, दहा वर्षांखालचं मूल अर्धं धरा, आणि दुपारी बाहेर जेवणारा माणूस दोन तृतीयांश धरा. सणाचा महिना सोडून दोन पाकिटांचा हिशोब काढला की आकडा बऱ्यापैकी खरा असतो. यात लोणचं, पापड, नमकीन येत नाही, ते वर मोजायचं.

---

सराफा_रात्र

उत्तम सुरुवात. पण आपल्या गावात सकाळ पोह्यांनी होते आणि पोह्यांवर जिरावन, म्हणजे आपला इंदुरी चटपटा मसाला पडतो, वर मूठभर शेव. तो हिशोब कोण मांडणार?

---

वजनकाटा

मी मांडते. आधी चमचा ठरवून घ्या, नाहीतर सगळं व्यर्थ. ५ मिलिलिटरचा सपाट चमचा बारीक मिठाचा सुमारे ६ ग्रॅम होतो. शिगोशीग भरला तर ९-१० ग्रॅमपर्यंत जातो. घरातला पोह्यांचा चमचा त्याहून मोठा असू शकतो. म्हणून दहा सपाट चमचे काट्यावर घ्या आणि दहाने भागा. हा आकडा डब्याच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवा.

चार जणांना ३०० ग्रॅम कोरडे पोहे, त्यात एक सपाट चमचा मीठ: माणशी दीड ग्रॅम. वर जिरावन अर्धा चमचा. बाजारी जिरावनात साधं आणि काळं दोन्ही मीठ असतं, कशात किती ते ब्रँडप्रमाणे बदलतं, म्हणून पाकिटामागचा सोडियमचा आकडा पाहा. समजा शेवेच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं आहे. ३० ग्रॅम शेवेत २४० मिलिग्रॅम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं, म्हणजे ६०० मिलिग्रॅम, अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त. ४०० मिलिग्रॅम सोडियम बरोबर १ ग्रॅम मीठ, एवढं लक्षात राहिलं तरी कुठलंही पाकीट वाचता येतं.

पाकिटावर 'मीठ' शोधू नका, 'सोडियम' शोधा. शेवेत आणि पापडात खायचा सोडा किंवा पापडखार असतो, त्यांचं सोडियमही त्या आकड्यात आलेलं असतं. खायच्या सोड्याच्या वजनात सुमारे २७ टक्के सोडियम असतं. पापडखार म्हणजे मुख्यतः सोडियम कार्बोनेट, त्यात तर सुमारे ४३ टक्के.

पोह्यांची एक सोय मात्र आहे. भिजवताना मीठ लावायची ज्यांची पद्धत आहे त्यांनी ते थांबवावं आणि सगळं मीठ वाफ आणल्यावर, लिंबाबरोबर वरून मिसळावं. मीठ पृष्ठभागावर राहिलं की जिभेला आधी लागतं, त्यामुळे चमच्याऐवजी पाऊण चमचा पुरतो. कांदा, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे, लिंबू सढळ हाताने.

---

सराफा_रात्र

@वजनकाटा ताई, जिरावन घरी करायचं तर मीठ किती घालावं? मीठ नसलं की ते जिरावनच वाटत नाही, अशी तक्रार येते.

---

वजनकाटा

तक्रार खरी आहे, कारण काळ्या मिठाचा गंधकी वास हा त्या चवीचा अर्धा भाग आहे. तो पूर्ण काढू नका. चार चमचे धने, दोन चमचे जिरे, दोन चमचे बडीशेप, एक चमचा मिरे, सहा लवंगा, बोटभर दालचिनी, दोन तमालपत्रं, चार सुक्या मिरच्या. हे मंद आचेवर वेगवेगळं भाजा, एकत्र भाजलं तर धने तयार होईतो जिरे करपतात आणि सगळा मसाला कडवट होतो. गार झाल्यावर वाटा. मग दोन चमचे आमचूर, अर्धा चमचा सुंठ, अर्धा चमचा हळद, चिमूट हिंग, जायफळ किसून, आणि काळं मीठ फक्त अर्धा चमचा. साधं मीठ अजिबात नाही, ते पोह्यांत आधीच आहे.

आमचूर दमट हवा ओढून घेतो आणि मसाल्याचे गोळे होतात. पावसाळ्यात आमचूर कढईत अर्धा मिनिट फिरवून मगच मिसळा, आणि बरणी फार मोठी नको. गराडूवर (तळलेल्या कंदावर) आणि भुट्ट्याच्या (मक्याच्या) किसावर हेच चालतं.

---

चितळे_गल्लीची_सून

आमच्याकडे सगळीकडे सैंधव चांगलं असं चाललं आहे. त्यात सोडियम कमी असतं का?

---

निळी_चिठ्ठी

नाही. सैंधव हेही जवळजवळ पूर्ण सोडियम क्लोराइडच. त्यातल्या इतर खनिजांचं प्रमाण इतकं थोडं असतं की त्याने रक्तदाबाला काही फरक पडत नाही. काळ्या मिठाचंही तेच. 'सैंधव चमचाभर घातलं तरी खारट होत नाही' असा जो अनुभव येतो तो जाड खड्यांमुळे: खड्यांमध्ये हवा राहते, चमच्यात वजन कमी भरतं. काट्यावर ६ ग्रॅम सैंधव आणि ६ ग्रॅम साधं मीठ ठेवा, सोडियम जवळपास सारखंच.

दुसरा तोटा आयोडीनचा. आपल्याकडे साध्या मिठात विक्रीच्या ठिकाणी दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असणं बंधनकारक आहे. सैंधवात ते बहुधा नसतं. एकादशी-चतुर्थीला सैंधव खुशाल वापरा. पण ज्या घरात गरोदर बाई किंवा लहान मूल आहे तिथे वर्षभर फक्त सैंधव, हे मला अजिबात पटत नाही.

कमी सोडियमचं मीठ घेतानाही पाकिटावर 'आयोडीनयुक्त' हा शब्द आहे का ते पाहा. डबा घट्ट झाकणाचा असू द्या आणि गॅसच्या शेगडीशेजारी ठेवू नका, उष्णतेने आणि ओलाव्याने आयोडीन उडतं.

---

पागनीसपागा

+१. मूळ लेखात चीनच्या चाचणीबरोबर दोन गोष्टी जोडायला हव्यात.

एक, आपल्याच देशातली चाचणी. तेलंगणातल्या सिद्दिपेट भागातल्या सात गावांत ५०२ रक्तदाबाच्या रुग्णांना तीन महिने ७० टक्के सोडियम आणि ३० टक्के पोटॅशियम क्लोराइडचं मीठ किंवा साधं मीठ दिलं. कुणाला कोणतं मीठ मिळालं हे त्यांना किंवा तपासणाऱ्यांना माहीत नव्हतं. वरचा रक्तदाब ४.६ ने उतरला. भारतीय आमटी-भाजीत हे मीठ चालतं हा पुरावा माझ्या दृष्टीने चीनच्या आकड्यांपेक्षा कमी महत्त्वाचा नाही.

दोन, उत्तर चीनमधल्या ४८ वृद्धनिवासांतली चाचणी, २०२३. तिथे दोन उपाय शेजारी शेजारी तपासले. काही निवासांत मीठ बदललं, काहींत स्वयंपाकघराला मिळणारं मीठ हळूहळू कमी केलं. दोन वर्षांनी बदललेल्या मिठाच्या ठिकाणी रक्तदाब सुमारे ७ ने कमी आणि हृदयरोग-पक्षाघाताच्या घटना ४० टक्के कमी. पुरवठा कमी करण्याचा मात्र काहीच परिणाम दिसला नाही. चव कमी झाली की माणूस ती कुठून ना कुठून भरून काढतो, असं मला यावरून वाटतं. जे घर वर्षानुवर्षं 'मीठ कमी करू' म्हणत आहे त्यांनी आधी डबा बदलावा, मग चमचा.

---

निळी_चिठ्ठी

@पागनीसपागा, चाचण्या बरोबर सांगितल्यात, पण त्याच वृद्धनिवासांत रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं सापडण्याचं प्रमाणही जास्त होतं. त्यातून कुणाला इजा झाल्याचं दिसलं नाही, तरी हा धागा वाचून कुणी उद्या सकाळी दुकान गाठण्याआधी ही पोस्ट वाचावी अशी कळकळीची विनंती.

पोटॅशियम बाहेर टाकायचं काम किडनीचं. ती मंदावली असेल तर पोटॅशियम साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बहुतेक वेळा आधी काहीच लक्षण नसतं. म्हणून पुढील माणसांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घेऊ नये:

किडनीचा कोणताही आजार असलेले. स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, अमिलोराइड किंवा ट्रायमटेरीन (पोटॅशियम धरून ठेवणाऱ्या गोळ्या) घेणारे. पोटॅशियमचं सिरप चालू असलेले. रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांचं नाव 'प्रिल' किंवा 'सार्टन'ने संपतं, जसं रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, त्यांनीही पोटॅशियम थोडं वाढतं. किडनी ठीक असेल तर सहसा निभतं, पण तपासणी करून. गरोदर बायका आणि मुलं यांना हे मीठ सुचवलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये या मिठाबद्दल मार्गदर्शक सूचना दिली, तीही सशर्त शिफारस आहे आणि त्यातही हेच अपवाद आहेत.

जुना मधुमेह असेल तर 'मला किडनीचं काही नाही' हे वाक्य तपासणीशिवाय बोलू नका. सीरम क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज), लघवीतलं अल्ब्युमिन आणि सीरम पोटॅशियम, एवढं करून घ्या. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान हवं.

रिपोर्टमध्ये ५.६ आलं म्हणून लगेच घाबरूही नका. रक्त काढताना दंडावरचा पट्टा फार वेळ आवळून ठेवला, रुग्णाने मूठ जोरजोरात उघडझाप केली, किंवा नमुना हलवत-आपटत नेला, तर स्नायूंतलं किंवा फुटलेल्या लाल पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा वाढतो. रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' असा शेरा असेल तर नमुना पुन्हा द्या. शेरा नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, उद्यावर टाकू नका.

---

लोकमान्यनगर_दक्षिण

मग प्रश्न असा की ज्या देशात पुष्कळ लोकांना आपला रक्तदाबच माहीत नाही, तिथे किडनी कुणाची कशी आहे हे कोण तपासणार? घरोघरी हे मीठ पोचवायचं म्हणणं धोक्याचं नाही का?

---

पागनीसपागा

प्रश्न रास्त आहे. चीनच्या चाचणीत गंभीर किडनीविकार आणि पोटॅशियम धरून ठेवणाऱ्या गोळ्यांवरची माणसं आधीच वगळली होती, पण ती लोकांच्या स्वतःच्या सांगण्यावरून, प्रत्येकाचं रक्त तपासून नाही. तरीही संशयित वाढीव पोटॅशियमच्या घटना दोन्ही बाजूंना जवळपास सारख्या, हजारी साडेतीनच्या आत. म्हणजे सरसकट धोका नाही. तरीही आपल्याकडे मधुमेह किती पसरला आहे ते पाहता तपासणी आधी, मीठ मागाहून, असाच क्रम असावा या मताचा मी आहे. आयसीएमआर-इंडियॅबच्या १ लाख १३ हजार लोकांच्या पाहणीत, जी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, मधुमेह ११.४ टक्के आणि उच्च रक्तदाब ३५.५ टक्के निघाला.

तपासणीची सोय मात्र आहे. सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरांत ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची रक्तदाब आणि साखरेची तपासणी मोफत होते. आणि भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम ज्या पाच राज्यांत आधी सुरू झाला त्यांत पंजाब, केरळ, तेलंगणा, महाराष्ट्र यांच्याबरोबर मध्य प्रदेशही होता. त्या उपक्रमाचा गाभा साधा आहे: औषधांची ठरलेली पायरी, गोळ्यांचा न तुटणारा पुरवठा, प्रत्येक रुग्णाचं कार्ड, आणि जो आला नाही त्याला फोन.

---

बाही_वर

रक्तदाब 'माहीत असणं' म्हणजे बरोबर मोजलेला माहीत असणं. इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. गणपती मंडळांच्या आणि वसाहतींच्या शिबिरांत तर फारच. म्हणून सविस्तर लिहितो.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १३३ जणांवर झालेली पाहणी २०२४ मध्ये आली. हात टेबलावर छातीच्या उंचीला टेकवलेला असताना आलेला आकडा खरा धरला. हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सरासरी ३.९ ने जास्त आला. हात बाजूला लोंबता ठेवला तर ६.५ ने जास्त. चीनच्या गावांत मीठ बदलून जेवढा उतरला, त्याहून जास्त फरक नुसत्या हाताच्या जागेने.

पट्ट्याचं माप त्याहून वाईट. त्याच शहरात १९५ जणांवर झालेल्या २०२३ च्या अभ्यासात, ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा लावला तर वरचा आकडा १९.५ ने जास्त आला. ज्यांना लहान पट्टा लागतो त्यांना नेहमीचा लावला तर ३.६ ने कमी. म्हणजे जाड दंडाच्या माणसाला नसलेला रक्तदाब चिकटतो, आणि बारीक अंगाच्या आजींचा असलेला लपतो.

घरी करायचं असं: शिंप्याची टेप घेऊन खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. यंत्राच्या पट्ट्यावर घेर छापलेला असतो, बहुतेक २२ ते ३२ सेंटीमीटर. तुमचा ३४ असेल तर तो पट्टा तुमचा नाही, मोठा वेगळा मागवा. मनगटाचं यंत्र घेऊ नका.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिना चढणं नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीला टेकलेले, एकावर एक नाहीत. शर्टाची बाही वर सरकवून दंडाला आवळ बसत असेल तर तो हात बाहीतून काढाच. पट्टा उघड्या दंडावर, खालची कड कोपराच्या दोन बोटं वर. दोन वेळा मोजा, मध्ये एक-दोन मिनिटं. सकाळी दोनदा गोळी घेण्याआधी, रात्री दोनदा, असं सात दिवस. पहिला दिवस सोडा, उरलेल्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर डॉक्टरांकडे वही घेऊन जा. दवाखान्यात मोजलं तर हीच रेघ १४०/९० ला धरतात.

---

मंडप_कार्यवाह

आमच्या भागातल्या मंडळाला यंदा शिबिर ठेवायचं आहे. किती सामान, किती माणसं? आणि रांग लांब झाली की पाच मिनिटं बसवणं शक्य होत नाही.

---

बाही_वर

रांग खुर्च्यांचीच करा. पाठ असलेल्या दहा खुर्च्या ओळीने, माणूस पुढे सरकत जाईल आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत त्याची पाच मिनिटं बसून झालेली असतील. प्लास्टिकची बिनपाठीची स्टुलं नकोत. सरकताना बोलणं बंद, हे पाटीवर मोठ्या अक्षरात.

मोजायची दोन टेबलं पुरतात. प्रत्येक टेबलावर दंडाचं यंत्र, दोन मापांचे पट्टे, टेप, सुटे सेल, आणि हात उंच करायला दुमडलेली सतरंजी. टेबल ठेंगणं असेल तर ती लागतेच. ताशांपासून दूर जागा निवडा. एका टेबलावर तासाला दहा ते बारा माणसं, त्याहून जास्त होत असतील तर कुठेतरी घाई होते आहे असं समजा.

वहीत रकाने: वय, दंडाचा घेर, कोणता पट्टा, पहिला आकडा, दुसरा आकडा, आधीपासून गोळी चालू का. नाव-फोन फक्त ज्यांना पुढे पाठवायचं आहे त्यांचे, त्यांच्या परवानगीने. १४०/९० च्या वर आलेल्याला 'तुम्हाला बीपी आहे' असं जाहीर करू नका. चिठ्ठी द्या: अमुक आकडा, अमुक तारीख, आठवडाभरात पुन्हा मोजून घ्या.

१८०/११० किंवा वर आला तर बाजूला शांत बसवा, दहा मिनिटांनी पुन्हा घ्या. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा अशक्तपणा, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं यांपैकी काहीही असेल तर पुन्हा मोजत बसायचं नाही, सरळ १०८. शिबिरात गोळी देऊन आकडा खाली आणायचा प्रयत्न कुणीही करू नये. झपाट्याने उतरवलेला रक्तदाबही मेंदूला घातक ठरू शकतो.

---

मंडप_कार्यवाह

फार उपयोगी. खुर्च्यांच्या रांगेची कल्पना कार्यकारिणीत मांडतो. महाप्रसादाचंही काही सांगाल का?

---

वजनकाटा

महाप्रसादात आचाऱ्याला 'मीठ कमी' म्हणून सांगू नका, तो अंदाजाने टाकतो आणि मग कुणीतरी वरून मीठ फिरवतं. किलोला ग्रॅम सांगा. शिजून तयार भाजीच्या किलोला ६ ते ७ ग्रॅम मीठ पुष्कळ होतं. २५० ग्रॅमच्या वाढणीत दीड-पावणेदोन ग्रॅम जातं.

आणि पंगतीत आपण पानावर डाव्या हाताला सगळ्यात आधी मीठ वाढतो, त्याच्या शेजारी लिंबाची फोड. शास्त्र म्हणून मिठाचे चार कण ठेवा. वाढप्याच्या हातात मिठाचं पातेलं आणि चमचा असतो म्हणून तिथे दोन-तीन ग्रॅम पडतं आणि माणूस ते बोटाने वरणभातात कालवतो. चमच्याऐवजी चिमटीने वाढायला सांगा. लिंबाच्या फोडी दोन करा. वरणभातावर तूप आणि लिंबू आलं की मीठ मागणारे हात कमी होतात.

---

चितळे_गल्लीची_सून

लोणची? उन्हाळ्यात कैरीचं घालायचं तर कमी सोडियमचं मीठ चालेल?

---

वजनकाटा

लोणच्यात नको. तिथे मीठ टिकवण्याचं काम करतं, आणि आपली सगळी प्रमाणं साध्या मिठावर बसलेली आहेत. प्रमाण चुकलं तर बुरशी येते, फोडी मऊ पडतात. लोणचं नेहमीसारखं घाला, ताटात मात्र फोड एकच, आणि खार निथळून. तसंच पापड-कुरडयांचं: वाळवणात हात घालू नका, खाण्याचे दिवस कमी करा.

शेव मात्र घरी बदलता येते. अर्धा किलो बेसनाला बहुतेक घरांत १० ग्रॅम मीठ पडतं. तयार शेव ६००-७०० ग्रॅम धरली तर १०० ग्रॅममागे दीड ग्रॅम. ते ७ ग्रॅमवर आणा आणि लवंग-मिरी ताजी कुटून थोडी वाढवा, लसणाची करत असाल तर लसूण वाढवा. सोडा पाव चमच्यावर नको: जास्त झाला की शेव तेल पिते आणि हातात घेताच भुगा होते. सोडा अगदी काढून टाकला तर कडक होते, मग मोहन थोडं वाढवावं लागतं, गरम तेलाचं, ४ मोठे चमचे.

---

लोकमान्यनगर_दक्षिण

किमतीचं कुणी बोललं नाही. चौकातल्या किराणा दुकानात हे मीठ मिळत नाही, मॉलमध्ये मिळतं. ज्यांना पक्षाघात परवडत नाही त्यांच्यापर्यंत ते पोचतच नाही. हा मला मिठाच्या रसायनापेक्षा मोठा प्रश्न वाटतो.

---

पागनीसपागा

तुमचं म्हणणं आकड्यांनी सिद्ध झालेलं आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेने तिथल्या ३०० दुकानांत पाहणी केली. कमी सोडियमचं मीठ फक्त २८ टक्के दुकानांत मिळालं: सुपरमार्केटांत निम्म्याहून थोड्या जास्त ठिकाणी, छोट्या किराणा दुकानांत ४ टक्के. सरासरी भाव १०० ग्रॅमला ५.६ रुपये, साध्या आयोडीनयुक्त मिठाचा २.७.

चार माणसांच्या घराला महिन्याला एक किलो लागतं, तेव्हा फरक तीसेक रुपयांचा. एका घराला तो मोठा नसेल, पण दुकानदार माल ठेवत नाही तोवर भावाचा प्रश्नच येत नाही. एका इमारतीतल्या दहा घरांनी मिळून दर महिन्याला दहा पाकिटं सांगितली तर किराणावाला खोकं आणतो. आणि रेशनवर आयोडीनयुक्त मीठ काही राज्यांत दिलं जातं, तीच वाट या मिठाला मिळावी यासाठी आग्रह धरायला हवा, मात्र अपवादांच्या सूचना पाकिटावर मराठी-हिंदीत ठळक छापून.

---

रामबागकर

सर्वांचे मनापासून आभार, धागा अपेक्षेपेक्षा पुष्कळ पुढे गेला. एक राहिलंय. एकत्र कुटुंब, सासरे स्पायरोनोलॅक्टोनवर, मुलाला रक्तदाब, सून गरोदर, स्वयंपाक एकाच पातेल्यात. अशा घराने काय करावं?

---

निळी_चिठ्ठी

अशा घरात कमी सोडियमचं मीठ आणूच नये. दोन डबे ठेवले की आज ना उद्या चमचा चुकतो, दिसायला दोन्ही मिठं सारखीच असतात. सगळ्यांसाठी साधं आयोडीनयुक्त मीठच ठेवा आणि ते कमी करा: कणकेतलं आणि भातातलं मीठ आधी बंद, कारण तिथे चव सर्वांत कमी लागते. भाजी-आमटीचं दर पंधरा दिवसांनी दहावा हिस्सा कमी, म्हणजे ६ ग्रॅमचे साडेपाच, मग पाच. जिभेला काही आठवड्यांत सवय होते. मुलाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशाच चालू, मीठ कमी झालं म्हणून स्वतःहून बंद नाहीत.

सून बाळंत झाल्यावर आणि सासऱ्यांची गोळी बदलली तर हा विचार पुन्हा करा. आणि कुणाकडे आधीच कमी सोडियमच्या मिठाचं पाकीट फोडलेलं असेल तर ते साध्या मिठाच्या डब्यात ओतून संपवू नका. मूळ पाकिटातच रबर लावून ठेवा, वर लाल पेनने 'पोटॅशियम' लिहा, आणि ज्या घरात किडनी तपासलेली आहे त्यांना द्या.